गोळ्यांचा वानवळा

मला वेड लागलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही उगीच चुकचुकत बसायला नको. दोन-अडीच महिने मात्र मला वेड लागलंय असं सगळ्यांना वाटत होतं, आणि त्यातले बरेच दिवस मलासुद्धा. आपलं डोकं आपल्याच हातून निसटून चाललंय हे कळणं किती भयंकर, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. म्हणून लिहिते आहे. तुमच्या घरात एखादं म्हातारं माणूस एकाएकी भलतंसलतं बोलायला लागलं असेल, तर ‘वय झालं’ म्हणून हात झटकायच्या आधी एवढं वाचा.

आष्टीच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी तीस वर्षं शिकवलं. मी तोंडानं फटकळ आहे असं माझे विद्यार्थी सांगतात, आणि ते खोटं बोलायला मी त्यांना शिकवलं नव्हतं. मालक लवकर गेले. एकुलता एक मुलगा, दिलीप, चिंचवडला कारखान्यात लागला. निवृत्त झाले, गुडघे गेले, तेव्हा तो मला हट्टानं घेऊन गेला. तिसरा मजला, दोन खोल्या, तो आणि सून सुनीता दोघंही सकाळी सातला बाहेर. दिवसभर मी आणि समोरची भिंत. दोन महिने काढले आणि म्हटलं, बाबा, मला माझ्या मुलखात सोड. परतूरच्या बाहेर, वाटूरच्या रस्त्याला लागून एक वृद्धाश्रम आहे. तिथं मी स्वतः ट्रंक घेऊन दाखल झाले. लोक बोलले, पोरानं आईला आश्रमात टाकलं. टाकलं-बिकलं काही नाही. मीच गेले, आणि मजेत होते.

आमच्या खोलीत आम्ही तिघी. मी, गयाबाई आणि कौसाबाई. कौसाबाई वाटूरकडची. जन्म शेतात गेला, शाळेची पायरी चढली नाही, पण हिंमत अशी की बैल दामटावेत तशी आश्रमातल्या सगळ्यांना दामटायची. मी तिच्या भाच्याची पत्रं तिला वाचून दाखवायची. ती पहाटे उठून माझ्या अंघोळीचं पाणी बंबावरून आणून ठेवायची. ‘बाई, तुमचे गुडघे न्हाई चालत, मपले चालत्यात,’ म्हणायची. माझ्या सख्ख्या बहिणीनं कधी माझं एवढं केलं नाही.

*

आश्रमाची औषधं परतूरच्या एका मेडिकलमधून यायची. दुकान सुजाता नावाच्या मुलीचं. वय असेल तिशीचं. फार्मसी शिकून आलेली. तिनं आमच्या व्यवस्थापकांना, भाऊसाहेबांना सांगितलं, ‘मी नुसतं खोकं पाठवणार नाही. दर बुधवारी सकाळी स्वतः येऊन बघणार.’ काय बघणार, तर प्रत्येकाच्या गोळ्या टेबलावर काढायच्या, डॉक्टरांच्या कागदाशी लावून बघायच्या, किती उरल्या ते वहीत लिहायचं, आणि मग एकेकाला समोर बसवून विचारायचं. झोप लागते का, संडासला साफ होते का, चक्कर येते का, तोंड कोरडं पडतं का.

आमचं पहिल्याच दिवशी भांडण झालं.

‘बाई, जीभ दाखवा.’

‘तू डॉक्टर आहेस का?’

‘न्हाई.’

‘मग जीभ कशाला दाखवू तुला?’

‘डॉक्टर गोळी लिहून देतात. मी ती बांधून देते. पण ती पोटात गेल्यावर काय करून राह्यली, ते बघायला कुणीच न्हाई बाई. ते मी बघते.’

उत्तर चोख होतं, म्हणून मला आणखी राग आला. जीभ दाखवली नाहीच, पुढंही दर बुधवारी ‘मला काही होत नाही’ एवढंच सांगायची. कौसाबाई तर तिच्यापासून जरा लांबच बसायची. सुजाता पौर्णिमेला विहारात जाणारी, आणि कौसाबाई तिच्या हातचं पाणी घ्यायची नाही. हे लिहायला लाज वाटते, पण झालं ते झालं. सुजाताला ते दिसत होतं. ती त्यावर कधी बोलली नाही. पुढच्या बुधवारी तेवढ्याच मायेनं विचारायची, ‘कौसामावशी, पाय दुखतोय का अजून?’

*

थंडी पडायला लागली होती. रस्त्यानं जिनिंगकडे कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. त्याच सुमाराला मला पहिल्यांदा काहीतरी चुकतंय असं वाटलं. जीभ टाळूला चिकटायची. तांब्याभर पाणी प्यायले तरी तोंडात भुसा कोंबल्यासारखं. मग वर्तमानपत्रातली अक्षरं पुसट व्हायला लागली. मग दुपारी जेवण झालं की डोळ्यांवर अशी गुंगी यायची की मी बसल्या जागी कलंडायची.

नंतरचं सगळं मला आठवत नाही. काही मला आठवतं, काही कौसाबाईनं शंभरदा सांगितलंय. एका दुपारी मी लिंबाखाली बसलेल्या सगळ्या म्हाताऱ्यांची हजेरी घेतली म्हणे. एकेकाचं नाव पुकारलं, आणि ती सगळी माणसं, सत्तर-सत्तर वर्षांची, उभी राहून ‘हजर बाई’ म्हणाली. कुणी हसलं नाही. एक निवृत्त तलाठी तेवढे चिडले, ‘हे काय चाललंय?’ तर कौसाबाईनं त्यांना दटावलं, ‘उभं राहा की वं, काय पाय झिजत्यात का तुमचे? बाईला बरं वाटतंय.’ ते उभे राहिले. मी त्यांना गैरहजेरीबद्दल कान धरायला लावला. त्यांनी तोही धरला. आज त्यांचा चेहरा बघितला की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं, पण ते मोठ्या मनाचे आहेत, लांबूनच कानाला हात लावून हसतात.

भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसायच्या. नव्हत्या. सकाळी जरा बरी असायची, आपण काल काय केलं ते कुणाच्या तरी तोंडून कळायचं. तीस वर्षं ज्या डोक्याच्या जिवावर ताठ मानेनं जगले, तेच डोकं दगा देतंय. मी सकाळी सकाळी खोलीचं दार लोटून घ्यायची आणि पाढे म्हणून बघायची. सतराच्या पाढ्यात अडकले त्या दिवशी उशीत तोंड खुपसून रडले.

मग एकदा न्हाणीघरात पडले. डोक्याला खोक पडली. भाऊसाहेबांनी दिलीपला फोन केला.

*

दिलीप मला जालन्याला एका मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर तरुण होते, बोलायला गोड. आश्रमात महिन्यातून दोनदा येणाऱ्या डॉक्टरांचा कागद त्यांनी बघितला. त्यात माझी फक्त बीपीची गोळी. मग मला विचारलं, ‘आजी, आज वार कोणता?’

‘आजी कुणाला म्हणता? बाई म्हणा.’

‘बरं बाई. वार कोणता?’

मला सांगता येईना. मग म्हणाले, शंभरातून सात वजा करा. मी म्हटलं, त्र्याण्णव. आता त्यातून सात. आणि तिथं माझ्या डोक्यात नुसती धूळ उडाली. किती पोरांना मी उलटी वजाबाकी शिकवली, किती जणांच्या हातावर पट्टी मारली. मी त्या डॉक्टरांच्या टेबलाची कड धरून बसले आणि ओठ हलवत राहिले. शेवटी त्यांनीच ‘राहू द्या’ म्हटलं. ते ‘राहू द्या’ मला अजून ऐकू येतं.

मला बाहेरच्या बाकावर बसवलं, पण दार उघडंच होतं. ‘हा म्हातारपणाचा विसर आहे,’ ते दिलीपला सांगत होते. ‘आता वाढतच जाणार. माणसं ओळखणंही बंद होईल. मनाची तयारी ठेवा.’

परतीच्या एसटीत माझ्या शेजारी एक माणूस बसला होता. त्यानं मोसंबी विकत घेतली, सोलली, एकेका फोडीची साल काढली, बिया काढल्या आणि माझ्या तोंडात घातल्या. मला फार बरं वाटलं. किती भला माणूस आहे, मी मनात म्हणत होते, याची आई नशीबवान. मग मी त्याला विचारलं, ‘तुमचं गाव कोणतं, भाऊ?’

त्याचे हात तिथल्या तिथं थांबले. हे मला कुणी सांगितलेलं नाही. हे मला आठवतंय. न आठवतं तर बरं झालं असतं.

*

आश्रमाचा नियम होता की ज्याचं भान गेलं त्याला ठेवायचं नाही. रागवायचं कारण नाही; रात्रंदिवस एका माणसावर नजर ठेवायला तिथं माणसंच नव्हती. भाऊसाहेब चांगला माणूस, त्यांनी ते दिलीपला हात जोडून सांगितलं. दिलीप म्हणाला, ‘पंधरा दिवस द्या. घरी काहीतरी सोय लावतो आणि घेऊन जातो.’

सोय कसली? तोही कामाला, सुनीताही कामाला. एकानं नोकरी सोडली तर चूल पेटायची नाही. बाहेरून कडी लावून जावं लागेल, असं तो भाऊसाहेबांना सांगत होता आणि डोळे पुसत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शुद्धीत असताना कौसाबाईनं मला ते सांगितलं. मी म्हटलं, कौसा, कडीच्या आत ठेवण्यापेक्षा मला विहिरीत ढकल. ती म्हणाली, ‘वंगाळ बोलू नका बाई.’ आणि माझे केस विंचरायला घेतले. पंधरा दिवस. त्यातला एक गेलाही होता.

*

बुधवारी सुजाता आली, तिला सगळं कळलं. तिनं माझा जालन्याचा कागद वाचला, आपली वही उघडली, मागची पानं चाळली आणि भाऊसाहेबांना म्हणाली, ‘मला हे पटत न्हाई.’

भाऊसाहेब म्हणाले, ‘अहो, मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय.’

‘त्यांनी त्यांच्यासमोर होतं तेवढं बघितलं. तो विसर असा धावत येत न्हाई साहेब, वर्षं लागतात त्याला. बाई दिवाळीला मला शुद्धलेखनावरून झापत होत्या. आणि सकाळी बऱ्या, दुपारच्या जेवणानंतर बिघडतात, हे काय आहे? दुपारी काय होतं इथं?’

तिची दुसरी शंका कौसाबाईवरून होती. कौसाबाईला झोपेची गोळी चालू होती. वहीत तिच्या गोळ्या बरोबर संपत होत्या, एक कमी नाही, एक जास्ती नाही. पण दर बुधवारी कौसाबाई सांगायची, ‘डोळ्याला डोळा लागत न्हाई.’ गोळी संपते आणि झोप येत नाही, मग गोळी जाते कुठं?

दुसऱ्या दिवशी, बुधवार नसताना, सुजाता दुकान बंद करून दुपारी आली. जेवणं नुकतीच उरकली होती. आम्ही बायका नेहमीप्रमाणे व्हरांड्यात उन्हाला गोल करून बसलो होतो. जेवण झालं की आमच्या चंच्या सुटायच्या. तुम्हाला माहीतच असेल, पान-सुपारीची ती कापडी पिशवी, आत चार-पाच कप्पे, वरून नाडी गुंडाळायची. सुजाता येऊन आमच्यात बसली. गोळ्यांचं नाव काढलं नाही. पर्समधून पुडी काढली आणि सगळ्यांच्या तळहातावर चिमूट चिमूट बडीशेप ठेवली. कौसाबाईपाशी आली तेव्हा जरा थांबली. कौसाबाईनं तिच्याकडं बघितलं, आणि काय वाटलं कोण जाणे, हात पुढं केला.

आता इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. शेतात नवं काही आलं, घरात काही गोडधोड झालं, की शेजारी वाटीभर पाठवायचं. त्याला वानवळा म्हणतात. आमच्या बाया वानोळा म्हणतात. आणि ती वाटी रिकामी परत करायची नसते. चिमूटभर साखर का होईना, घालूनच द्यायची. घेतलं की द्यायचं. न दिलं तर माणसाला चैन पडत नाही.

कौसाबाईनं बडीशेप तोंडात टाकली. मग तिचा हात आपोआप चंचीत गेला. सुपारीच्या मागचा कप्पा उघडला, अर्धी पिवळी गोळी काढली आणि सुजाताच्या तळहातावर ठेवून तिची मूठ मिटवली.

‘घे माय. तुलाबी झोप न्हाई दिसत. डोळे बघ कशे झालेत.’

सुजाता त्या मुठीकडं बघत राहिली. मला ते दिसत होतं, काचेपलीकडून दिसावं तसं.

‘मावशी,’ तिनं अगदी हळू विचारलं, ‘ही अजून कोणाकोणाला देता?’

‘कोणाला म्हंजे? समद्यायला. ज्याला झोप न्हाई त्याला. बाईला तर रोजच. त्यायला लईच तरास व्हतो ना रातचा.’

‘आणि तुम्हाला कोण काय देतं?’

मग एकेक चंची उघडली. गयाबाईच्या अंगाला खाज सुटायची, तिची खाजेची गोळी. पलीकडच्या खोलीतल्या एकीची पोटातल्या मुरड्याची. पाकिटं चंचीत मावत नाहीत, म्हणून सगळ्या गोळ्या सोडवून, सुपारी-लवंगांत मिसळलेल्या. ज्याला ज्या गोळीनं गुण आला, त्यानं ती प्रेमानं दुसऱ्याला दिली, आणि दुसऱ्यानं आपल्यातली परत दिली. जेवण, पान, गोळी. महिनोन्‌महिने. प्रत्येकीची पाकिटं वेळेवर रिकामी, म्हणून वहीत कुठं चूक दिसायची नाही. झोपेची, खाजेची, मुरड्याची, तिन्ही रोज दुपारी माझ्या पोटात जात होत्या, आणि तिन्ही एकत्र गेल्या की म्हाताऱ्या माणसाचं तोंड सुकतं, नजर पुसट होते, डोकं फिरतं. सगळ्यांत जास्त माझ्या, कारण सगळ्यांचा सगळ्यांत जास्त जीव माझ्यावर.

आणि मी? मी शिकलेली, पाकिटावरची अक्षरं वाचणारी. मी काय करत होते? माझी बीपीची गोळी मोडून अर्धी कौसाबाईला देत होते. तिचं डोकं दुखायचं म्हणून. तिला चक्कर यायची ती माझ्यामुळं. हे मी कुणाच्याही माथी मारू शकत नाही. कौसाबाईला अक्षर येत नव्हतं; मला येत होतं.

कौसाबाईला जेव्हा सुजातानं समजावून सांगितलं, तेव्हा तिनं आधी विश्वास ठेवला नाही. मग ठेवला, आणि जो हंबरडा फोडला तो स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेला. ‘म्या बाईला येडं केलं! ह्या हातानं!’ ती आपलाच हात जमिनीवर आपटायला लागली. सुजातानं तो हात धरला.

‘तुम्ही प्रेमानं दिलं मावशी.’

‘मंग काय देऊ वं दुसरं?’ कौसाबाई तिच्यावरच ओरडली. ‘शेत हाय का मपलं हितं? चूल हाय का? जेवण आश्रमाचं, लुगडं आश्रमाचं. मपलं म्हणून हातात काय येतं तर ह्या गोळ्या. नाव लिवलेलं असतं त्यांच्यावर मपलं. दुसरं हाय काय आमच्यापाशी द्यायला?’

सुजाताच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या डोळ्यांत आलं की नाही आठवत नाही.

*

सुजाता डॉक्टरांकडे गेली. आश्रमात येणारे डॉक्टर आधी तिच्यावर उखडले, दुकानदारानं मला शिकवू नये म्हणाले. तिनं वही समोर ठेवली आणि तीनही गोळ्या कागदावर मांडल्या. डॉक्टरांनी एकेक गोळी उचलून बघितली. मग स्वतः स्कूटर काढून आले आणि माझी जीभ बघितली. ह्या वेळी मी दाखवली.

दोन गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या. झोपेची एकदम तोडायची नाही, हळूहळू कमी करायची, असं दोघांनी ठरवलं. ते आठ दिवस शत्रूवरही येऊ नयेत. अंगाला कापरं, घामानं पातळ भिजायचं, झोप तर देशोधडीला. मी कौसाबाईला वाटेल ते बोलले. ‘एक दे गं, फक्त एक,’ म्हणून तिचे पाय धरले म्हणे. ती माझा हात घट्ट धरून बसायची. मागितलं आणि दिलं नाही, असं आयुष्यात तिनं पहिल्यांदाच केलं असेल. ‘न्हाई बाई. बिलकुल न्हाई. मारा मला, पण न्हाई,’ म्हणायची आणि स्वतःच रडायची. असं माणूस मला कुठल्या जन्मीच्या पुण्याईनं मिळालं, मला माहीत नाही.

भाऊसाहेबांना सगळ्या चंच्या जप्त करायच्या होत्या. सुजाता म्हणाली, ‘नका करू. जप्त केल्या तर पदरात लपवून देतील. यांना द्यायला दुसरं काहीतरी पाहिजे.’ मग विहिरीच्या सांडपाण्यावर प्रत्येकीला चटईएवढा एकेक वाफा आखून दिला. मेथी, कोथिंबीर, कांद्याची पात, ज्याला जे पाहिजे ते. कौसाबाईनं आश्रमातली सगळ्यांत चांगली जागा पटकावली, ते सांगायला नकोच. सुजाता गोळ्या मात्र तेव्हापासून पाकिटातच ठेवायला लावते, आणि रोजची गोळी सगळ्यांसमोर, पाण्याबरोबर. बुधवारी आता ती फक्त गोळ्या मोजत नाही. दुपारचं उन्हात बसते आणि कोण कुणाला काय देतंय ते बघते.

एका सकाळी जाग आली आणि तोंडात लाळ होती. हसू नका. दोन महिन्यांनी आपल्या तोंडात ओल असणं म्हणजे काय सुख असतं ते तुम्हाला नाही कळायचं. भिंत कोरी होती, एक मुंगी नाही. मी पडल्या पडल्या शंभरातून सात वजा केले. त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर. खाली दोनपर्यंत गेले आणि पुन्हा वरून सुरू केलं. गयाबाई घाबरून म्हणाली, ‘बाई, पुन्हा सुरू झालं का?’ मी म्हटलं, ‘गप गं, मोजू दे.’

पण सकाळी मी बरी असतेच, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवसाची दुपार गेली. दुसऱ्या दिवसाचीही गेली. भाऊसाहेबांनी चिंचवडला शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप ठेवला, बाईंना फरक पडलाय. दिलीपनं उलट निरोप दिला, ठरल्या दिवशी येतोय.

*

इथं माझ्यासारख्यांच्या घरच्यांना दोन गोष्टी सांगते, मग शेवटचं. तुमच्या म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्या मोजा, पण नुसत्या मोजू नका. त्याच्याजवळ बसा, एक अख्खी दुपार. कागदावर नसलेलं काय काय पोटात जातंय ते बघा: शेजारणीची, मागच्या आजारातली, कुणीतरी आणून दिलेली. आणि कुणी तुमच्या डोक्याचा निकाल लावला असेल, तर औषधं जाणणाऱ्या माणसाला एकदा विचारा, की हे डोकं आहे का गोळी आहे. माझी गोळी होती. सगळ्यांचीच असेल असं नाही, पण विचारायला काय जातं?

दुसरं म्हणजे देणाऱ्यावर रागावू नका.

पंधराव्या दिवशी दुपारी, जेवण झाल्यावर, बरोबर माझ्या बिघडण्याच्या वेळेला, फाटकापाशी जीप थांबली. परतूरहून भाड्यानं केलेली. मागच्या बाकावर गादी टाकली होती, दोन उशा होत्या, पाण्याची कॅन होती. आजारी माणसाला न्यायची सगळी तयारी. भाऊसाहेब पुढं गेले, काहीतरी सांगत होते, बघून तरी घ्या म्हणत होते. दिलीप मान हलवत होता, पण खाली उतरत नव्हता. मला व्हरांड्यातून सगळं दिसत होतं. तो घाबरला होता. माझा पोरगा मला भेटायला घाबरत होता.

कौसाबाई उठून माझा हात धरायला आली. मी म्हटलं, ‘बस तू. मी जाते.’

गुडघे कुरकुरले, पण गेले. फाटकापर्यंत पोचेस्तोवर मनातल्या मनात शंभरातून सात वजा करत गेले. मीही सकाळपासून तेच घोकत होते ना, की ऐन वेळी डोक्यात पुन्हा धूळ उडाली तर? जीपच्या दाराला हात टेकवला. त्यानं माझ्याकडं बघितलं. डोळ्यांखाली काळं, दाढी वाढलेली, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं.

‘दिलीप,’ मी म्हटलं, ‘असा काय बसलास जीपमध्ये, रुसलेल्या जावयासारखा? उतर की खाली. जेवलास का?’

तो उतरला नाही. तोंडावर हात धरून तसाच बसला, त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं, दुपारची वेळ, उपाशी आहे, म्हणून पुन्हा विचारलं, जेवलास का रे?

‘ते नको गं आई,’ तो म्हणाला. ‘नाव घे माझं. परत एकदा.’

मी घेतलं.